चौघं मशीन बघायला जातात

मशीन बघायला चौघांनी जायची काही गरज नव्हती. एकाला जे कळलं असतं तेच चौघांना कळणार होतं. पण बाबा गेल्यापासून या घरात कुणी कुणाला एकट्याने काही ठरवू देत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एकट्याने ठरवायला कुणी तयारही नव्हतं. त्यामुळे दुपारची जेवणं उरकून काका, आई, थोरली आणि धाकटा अशी चौघंही काकांच्या गाडीत बसली. काका गाडी चालवत होते, म्हणून माप तपासायच्या डायलची लाकडी पेटी आईच्या मांडीवर आली. आत अंडी असावीत तशी तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"भाऊजी, जरा हळू. मशीन कुठे पळून जात नाही."

"दुसरं गिऱ्हाईक आलं तर जाईल की, वहिनी."

"उतावळा नवरा," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली आणि पुढचं तिने गिळलं.

"गुडघ्याला बाशिंग," धाकट्याने मागच्या सीटवरून पूर्ण केलं.

"साहेब मागे बसलेत ते बरंय," काका आरशात बघून म्हणाले. "पुढे असते तर पुढच्या चौकात उतरवले असते."

धाकट्याला काका रागात असले की साहेब म्हणत, आणि लाडात असले तरी साहेबच म्हणत. यातलं कुठलं ते आवाजावरून ओळखायचं असे. आजचं मधलंच कुठलंसं होतं.

थोरली हसली नाही. तिला काकांच्या घाईचं कारण ठाऊक होतं. कारखान्यात सीएनसी मिलिंग, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन, आणायचं बाबांच्या मनात कितीतरी वर्षं होतं आणि तितकीच वर्षं काका नको म्हणत आले होते. 'दहा बोटं दिलीत देवाने, बटणं कशाला?' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बाबा वाद घालत नसत. भावाचं मन वळेपर्यंत थांबू, म्हणत. मन वळलं, पण ते बघायला बाबा राहिले नाहीत. आणि आता काकांना एक दिवसही थांबवत नव्हतं. एक गृहस्थ आपला कारखाना आवरताहेत, त्यांच्याकडचं मशीन जुनं पण जपलेलं आहे, ही बातमी काकांनीच आणली होती. ती सांगताना ते दारात उभेच होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती.

घोडं अडलं होतं ते धाकट्यापाशी. तो दुसऱ्या शहरात विमा कंपनीत होता. घरच्या कारखान्याबद्दल त्याला माया होती, पण विश्वास नव्हता. हाताने चालवायच्या जुन्या मिलिंग मशीनवर होणारं काम वर्षागणिक आटत चाललं होतं. गिऱ्हाइकं एकेक करून सीएनसीवाल्यांकडे वळली होती. धाकट्याने कारखान्याच्या शेडसाठी एक भाडेकरू शोधला होता. त्या माणसाला पुठ्ठ्यांच्या खोक्यांचं गोदाम करायचं होतं. उद्या सकाळी तो जागा बघायला येणार होता. "रिकामी जागा आपल्याला खाते," धाकटा म्हणाला होता, "भरलेली जागा आपल्याला खाऊ घालते." वाक्य चांगलं होतं. विम्याच्या माणसाचं असतं तितकं चांगलं.

थोरलीला ती शेड हवी होती. ती एका मोठ्या कंपनीत दिवसभर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज करायची आणि ते भाग घडवायचं काम मात्र कुठल्याशा दूरच्या शेडमध्ये कुणी तिसराच करायचा. घडवणारा तो माणूस आपण व्हावं, असं तिला शाळेत असल्यापासून वाटत होतं. बाबांना ते ठाऊक होतं. बाकी कुणाला तिने कधी सांगितलं नव्हतं. या आठवड्यात सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आईकडे. कारखान्यातला बाबांचा निम्मा वाटा आता आईचा होता. उरलेला निम्मा काकांचा.

आईने आज सकाळी भाजी चिरता चिरता निकाल दिला होता. "मशीन चांगलं निघालं तर घ्यायचं. नाही निघालं तर जागा भाड्याने द्यायची. आणि पुन्हा या घरात हा विषय नको."

मशीनला चांगलं कुणी म्हणायचं, ते तिने सांगितलं नव्हतं.

*

कारखाना आवरणारे गृहस्थ फाटकातच उभे होते. चष्मा कपाळावर ठेवून तो खिशात शोधत होते. मागे लांबट शेड, आत बरीचशी जागा मोकळी झालेली. जिथे यंत्रं होती तिथे फरशीवर तेलकट चौकोन राहिले होते, आणि त्यांच्या कडेने पावलांनी पडलेल्या वाटा.

"या, या. सगळं घरच आलं म्हणायचं."

"आमच्याकडे असंच असतं," काका म्हणाले. "खिळा घ्यायचा तरी मतदान."

मशीन शेडच्या टोकाला होतं. एखाद्या खोलीत मावणार नाही एवढं कपाट असावं तसं. समोर सरकतं दार, दाराला काच, आणि उडालेल्या किसाने ती काच ओरखडून दुधी झालेली. बाजूला बटणांचं पॅनेल. त्यावरच्या काही बटणांची अक्षरं बोटांनी पुसली गेली होती. थोरलीने ती बटणं नीट पाहिली. कुठली पुसली गेली आहेत यावरून मशीनकडून काय काम घेतलं ते कळतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला ते तसं दिसलं.

"यावर काय करायचात?"

"भोकं," गृहस्थ म्हणाले. "आयुष्यभर भोकं पाडली मी, ताई. पट्ट्यांना भोकं. टेबलाच्या मधोमध हातभर पट्टी ठेवायची, तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं पाडत जायचं. नवी पट्टी. पुन्हा या टोकापासून. आता गुडघे बोलायला लागले, म्हटलं आवरू."

काकांनी एव्हाना दार सरकवून आत हात घातला होता. स्पिंडलवर, म्हणजे जिथे कापायचं हत्यार बसतं आणि गरगरतं त्या भागावर, त्यांनी तळवा ठेवला.

"गार आहे," ते आईकडे वळून म्हणाले. "म्हणजे माणूस सरळ आहे. लबाड असता तर सकाळपासून फिरवून तापवून ठेवलं असतं. तापलेलं बेअरिंग रडत नाही."

"समोर उभे आहेत ते," आई हळूच म्हणाली.

"सरळच म्हटलं ना मी!"

गृहस्थ हसले आणि मशीन चालू केलं. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या कवचावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वेग वाढवायला लावला, कमी करायला लावला, पुन्हा वाढवायला लावला. थोरली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आवाज बरा असला की काकांचा खालचा ओठ पुढे येत असे. तो आला.

मग तिने तिचं पाहिलं. टेबल ज्यावरून सरकतं त्या रुळांवर नख फिरवलं. तेल सगळीकडे पोचतंय का, हत्यारं बदलणारा हात अडखळतो का, दार उघडल्यावर मशीन थांबतं का. धाकटा हात मागे बांधून तिच्या मागोमाग फिरत होता. घर विकत घेताना नळ सोडून बघतात तसा त्याने एकदा हत्यार गार ठेवणाऱ्या कूलंटचा नळ सोडून पाहिला.

"काय कळलं?" तिने विचारलं.

"पाणी आहे."

"तुला ना, खरंच विम्यातच ठेवायला हवं."

"ठेवलंय की. म्हणून तर तुम्हाला कुणीतरी धोका दाखवणारा भेटलाय."

आई एका उलट्या लाकडी खोक्यावर बसली होती. पेटी अजून मांडीवरच होती. काकांनी हात पुढे केला तेव्हा तिने ती उघडून दिली.

आता खरी परीक्षा. टेबलावर एक चौकोनी ठोकळा घट्ट बांधायचा, डायल स्पिंडलला लावायचा, त्याची टोचणी ठोकळ्याला टेकवायची. टेबल केसाच्या जाडीपेक्षा कमी हललं तरी डायलचा काटा सांगतो. मशीनला एक छोटं चाक होतं, वायरने जोडलेलं, हातात मावणारं. त्याचा एक खट म्हणजे टेबल डायलवरच्या एका घराइतकं सरकणार. काकांनी ते चाक हातात घेतलं आणि क्षणभर त्याचं वजन पाहिलं. इतकी वर्षं नको म्हटलेली गोष्ट हातात इतकी हलकी असेल, असं त्यांना वाटलं नसावं.

त्यांनी टेबल ठोकळ्यासकट दूर नेलं, परत आणलं. पॅनेलवर आकडा तोच आला आणि काटा शून्यावर. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. शून्य. एकदा चाक जरा जास्त फिरलं, काटा शून्याच्या पुढे गेला. काकांनी टेबल चांगलं लांब मागे नेलं आणि पुन्हा सावकाश आणलं. शून्य.

"बघा!" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "वहिनी, बघा. केसभर फरक नाही. नवीन मशीन दाखवणार नाही असा काटा दाखवतोय. दादा असता तर..." ते थांबले. "साहेब, या. तुम्हीही बघा."

धाकटा आला आणि त्याने बघितलं. त्याचे खांदे किंचित उतरले. माणूस प्रामाणिक होता, शून्याला शून्य म्हणणारा.

थोरली काकांच्या मागे उभी होती. तिला काटा दिसत नव्हता, काकांचं मनगट दिसत होतं. काकांचं मनगट म्हणजे बाबांचंच. पुढे जायचं, चुकलं तर लांब मागे यायचं, आणि मग सावकाश, नेहमी एकाच बाजूने, आकड्यावर यायचं.

हा या घरातला पहिला धडा होता. घरच्या मशीनचा स्क्रू झिजलेला; चाक उलटं फिरवलं की पाव फेरा नुसता हवेत जायचा, टेबल जागचं हलायचं नाही. म्हणून बाबांनी नियम केला होता: आकड्यावर नेहमी डावीकडून यायचं. पुढे गेलात तर तिथून परतू नका. चांगलं मागे जा आणि पुन्हा डावीकडून या. ती ढील मग कायम एकाच बाजूला पडून राहते, कामात येत नाही. काका हे शिकले, थोरली शिकली, कारखान्यात कधी काम न केलेला धाकटाही शिकला. लहानपणी तो रेडिओवर स्टेशन लावताना पुढे जाऊन, मागे येऊन, मग लावायचा. आई अजूनही भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तसेच लावायची. नियम इतका चांगला होता की मशीनला ढील आहे हेच घर विसरून गेलं होतं.

आणि आता काका हे मशीन त्याच नियमाने तपासत होते.

थोरलीला ते एकदम कळलं. शून्य येणारच होतं. कुठल्याही मशीनवर आलं असतं. असं तपासलं तर घरचं म्हातारं मशीनसुद्धा नवं कोरं ठरलं असतं.

गप्प राहिलं तर काय होईल तेही तिला लगेच दिसलं. काका खुश होते. धाकटा नमला होता. आई उठायच्या बेतात होती. मशीन येईल, शेड राहील, ती उद्यापासून तिथे उभी असेल. तिला हवं ते सगळं एका शब्दावर आलं होतं आणि तो शब्द तिने उच्चारायचाच नव्हता. दोष असलाच तर मागाहून निघाला असता, मागाहून दुरुस्तही झाला असता. पण ज्या मशीनवर उभं राहायचं त्याला पहिल्याच दिवशी आपण फसवलेलं असेल, तर त्यावर काढलेल्या कुठल्या मापावर तिचा विश्वास बसणार होता?

"काका, चाक द्या जरा."

"घे की. तुझंच आहे."

तिने टोचणी ठोकळ्यावर दाबून काटा शून्यावर आणला. दहा खट पुढे. काटा दहा घरं गेला. मग तिने ते केलं जे तिच्या हाताने आजवर कधी केलं नव्हतं: मागे न जाता तिथूनच परतली. दहा खट उलटे. पहिल्या काही खटांना काटा ढिम्म राहिला, मग हलला, आणि शून्याच्या अलीकडे थांबला.

"चार घरं," ती म्हणाली. "चार घरांची ढील आहे."

काकांनी वाकून काटा पाहिला.

"असं नसतं तपासायचं," काका म्हणाले.

"असंच तपासायचं, काका. हे मशीन दोन्ही बाजूंनी कापणार. गोल कापताना टेबल जाणार आणि परत येणार. आपण सगळे एकाच बाजूने येत होतो. घरी येतो तसे."

"म्हणजे मला येत नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

"तेच म्हटलंस. चाळीस वर्षं उभा आहे मी मशीनवर. तुझ्या बापाने शिकवलेली पद्धत ही."

"मलाही त्यांनीच शिकवली," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा स्थिर निघाला. "त्यांच्या मशीनसाठी."

काकांनी हातातला रुमाल टेबलावर टाकला. "दादा घेऊ म्हणत होता तेव्हा मी आडवा पडलो. आता मी घेऊ म्हणतोय, तर तू. या मशीनच्या नशिबात आमचं घरच नसेल." आणि ते शेडच्या दारापर्यंत चालत गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले.

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर ओढून डायल पाहिला. "शपथेवर सांगतो, मला कल्पना नव्हती. माझी पट्टी एकाच दिशेने सरकायची हो. कधी परत यायचं कारणच पडलं नाही."

"खरं आहे तुमचं," थोरली म्हणाली. "तुम्हीही आमच्यासारखेच."

"मग विषय संपला ना?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे तिने मनात नोंदवलं. "आईने सकाळी सांगितलंय. चांगलं निघालं तर. हे नाही निघालं. ताई, तूच दाखवलंस."

"हो. मीच दाखवलं."

"का पण?" हे त्याने खाली वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं. "तुलाच तर हवं होतं."

"हवं आहे म्हणूनच. नको असतं तर मला काय पडलं होतं?"

आई खोक्यावरून उठली. तिने साडीला लागलेला भुसा झटकला आणि मशीनजवळ आली. "मला एक सांगा. हे दुखणं किती मोठं? सर्दी, का आणखी काही?"

"टेबल सरकवणारा स्क्रू झिजला असेल तर मोठं," थोरली म्हणाली. "मग घेऊच नये. टोकाच्या बेअरिंगपाशी नुसता नट ढिला झाला असेल तर काहीच नाही. पाना लावून आवळायचा."

"आणि त्यातलं कुठलं, हे उघडल्याशिवाय कळत नाही?"

थोरलीने टोकाच्या झाकणाकडे पाहिलं. तिला नक्की माहीत नव्हतं. आणि तेव्हा दाराकडून आवाज आला.

"कळतं."

काका वळले नव्हते. उन्हाकडे तोंड करूनच बोलत होते.

"आपल्या मशीनचा स्क्रू कुठे झिजलाय? मधोमध. टोकाला अजून नवा आहे, कारण टोकाला कुणी काम करत नाही. झिजणारी गोष्ट जिथे वापरतात तिथेच झिजते. पायरीसारखी." मग ते वळले. "स्क्रू गेला असेल तर ढील मधे जास्त, कडेला कमी. नट असेल तर सगळीकडे सारखी. तीन जागी बघा. डावीकडे, मधे, उजवीकडे."

थोरलीने चाक त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही बघा."

"मला येत नाही ना?"

"भाऊजी," आई म्हणाली, "लाडात येऊ नका. ती काही तुम्हाला समजवायला बसणार नाही, आणि मीही नाही. या इकडे."

काका आले. चाक घेतलं. मग धाकट्याकडे बघून म्हणाले, "साहेब, काटा तुम्ही वाचायचा."

"मी? मला यातलं काय कळतं?"

"घरं मोजता येतात ना? आमच्या डोळ्यांना हवं तेच दिसेल. ज्याला मशीन नको आहे त्याने वाचावं."

गृहस्थांनी टेबल एका टोकाला नेऊन दिलं, थोरलीने ठोकळा बांधला, धाकटा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. काकांनी चाक पुढे नेलं, आणि परतायच्या वेळी त्यांचा हात सवयीने लांब मागे निघाला.

"काका!"

"कळलं, कळलं. हात ऐकत नाही." ते स्वतःशीच हसले. "दादा बसलाय मनगटात." पुन्हा सुरुवात केली. दहा पुढे, दहा मागे.

"चार," धाकटा म्हणाला.

टेबल मधे आणलं. पट्ट्यांची भोकं सगळी इथेच पडली होती. झीज असलीच तर इथे असणार. थोरलीने डायलकडे बघितलंच नाही. तिने आईकडे बघितलं. आई धाकट्याकडे बघत होती.

"चार," धाकटा म्हणाला. मग जरा जवळ जाऊन, "चारच."

उजवं टोक. काकांनी चाक फिरवलं आणि थांबले. धाकटा या वेळी बराच वेळ वाकून राहिला. एकदा डोळे चोळले.

"अरे, बोल की!"

"चार," तो म्हणाला आणि सरळ झाला.

काकांचा खालचा ओठ पुढे आला. त्यांनी चाक हलकेच टेबलावर ठेवलं. "नट," ते म्हणाले. "लिहून देतो. आणि नट नसेल तर बेअरिंग. तेही बदलता येतं. स्क्रू शाबूत आहे."

धाकटा थोरलीच्या बाजूला येऊन उभा राहिला. रुमालाने बोटं पुसत म्हणाला, "तीन म्हणायचं मनात आलं होतं माझ्या."

"मग?"

"काटा चारवर होता."

तिने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा. त्यानेही लहानपणासारखाच खांदा आकसून घेतला. घरी गेल्यावर हे बाबांना सांगायला हवं, धाकट्याने कसा काटा वाचला ते, असं तिच्या मनात आलं. आलं तसं ते मनातच थांबलं. तिने डायल सोडवून पेटीत ठेवायला घेतला. बोटांना काम असलं की बरं असतं.

"आणि चालवणार कोण?" धाकट्याने विचारलं. हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मशीन चांगलं आहे, मान्य. चांगलं मशीन एकटं उभं राहून पैसे मिळवत नाही. काकांना बटणं नकोत."

"मी," थोरली म्हणाली.

"नोकरी?"

"सोमवारी जाऊन सांगते. ड्रॉइंग काढणारे त्यांना पुष्कळ मिळतील."

"आणि नाही जमलं तर?"

"न जमायला काय झालं?" तिने पेटीची कडी लावली. "काम कुणाकडून आणायचं मला ठाऊक आहे, आजवर मीच ते बाहेर पाठवत होते. मशीन कसं बोलतं ते काकांना ठाऊक आहे. आणि आम्ही कुठे फसतोय ते तू सांगशीलच. तू थोडाच आम्हाला सुखाने फसू देणार आहेस."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली नाही की काही खूण केली नाही. ती नुसती मशीनच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि ओरखडलेल्या काचेवर तिने बोटाने एक रेघ ओढली. बोट काळं झालं. तिने ते निरखून पाहिलं आणि पदराला न पुसता तसंच राहू दिलं.

"काच तेवढी नवी बसवा," ती म्हणाली. "आत काय चाललंय ते बाहेरून दिसायला हवं."

घरातला निकाल असा लागला.

गृहस्थ व्यवहाराचं बोलायला पुढे झाले आणि अर्थातच काकांकडे वळले. बाहेरच्या माणसाशी शेवटचा शब्द बाबा बोलत. बाबांच्या माघारी तो अजून कुणी बोललं नव्हतं. काकांनी घसा साफ केला.

"हे बघा. ढील निघाली आहे, ती तुम्ही धरून घ्या आणि भाव त्या हिशेबाने लावा. उचलायच्या आधी तुमच्याच समोर टोकाचं झाकण काढू, नट आवळू आणि पुन्हा काटा बघू. स्क्रू खराब निघाला तर सौदा मोडला. चांगला निघाला तर पुढे काहीही झालं तरी तुमच्या दारात येणार नाही."

"मंजूर."

"आता राहिलं कधी न्यायचं ते." काका थांबले. त्यांनी थोरलीकडे अंगठा केला. "ते तिला विचारा. उभं तिला राहायचंय."

गृहस्थ तिच्याकडे वळले. "ट्रक, क्रेन माझ्या ओळखीचे आहेत. पुढच्या आठवड्यात करू या, ताई? तोवर तुम्ही जागा तयार करा."

"जागा तयार आहे," थोरली म्हणाली. "उद्या. सकाळीच."

"उद्या?" धाकटा म्हणाला. "ताई, उद्या सकाळी तो गोदामवाला येतोय जागा बघायला."

"माहीत आहे."

"मी शब्द देऊन बोलावलंय त्याला. आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

"नको कशाला म्हणतोस?" आई म्हणाली. पेटी तिने पुन्हा आपल्याकडे घेतली आणि दाराच्या दिशेने चालायला लागली. "येऊ दे की. मशीन उतरवायला एक माणूस जास्त झाला तर बरंच आहे."

काका हसायला लागले. आधी नुसता खोकल्यासारखा आवाज आला, मग ते टेबलाला धरून हसले. गृहस्थांना काही कळलं नाही, पण तेही हसले. धाकट्याने फोन काढला, गोदामवाल्याचा नंबर शोधला, आणि आईच्या मागोमाग उन्हात जाता जाता कानाला लावला.

"हॅलो," तो म्हणाला. "हो, उद्याचंच बोलतोय. जागेचं जरा वेगळं झालंय."